आईला रेडिओॲक्टिव्ह आयोडीन देणार आहेत, घरी काय सांगू?

बाई, नमस्कार. मी कराडजवळच्या एका गावात राहते, अकरावी सायन्सला आहे. माझ्या आईला थायरॉइडचा त्रास आहे. हात थरथरतात, छातीत धडधडतं, वजन खूप उतरलंय. ग्रेव्ह्ज डिसीज, म्हणजे थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करते तो आजार, असं निदान झालं. दीड वर्ष गोळ्या झाल्या, पण बंद केल्या की पुन्हा तेच. आता पुण्याच्या डॉक्टरांनी रेडिओॲक्टिव्ह आयोडीन घ्यायला सांगितलंय, १५ मिलिक्युरी. घरात सगळे घाबरलेत. आजी म्हणते, असलं विष पोटात घालायचंच कशाला? आणि घेतलंच तर तिचं ताट-वाटी, अंथरूण कायमचं वेगळं करा, कपडे जाळून टाका. काकूची दीड वर्षाची मुलगी दिवसभर आईच्याच कडेवर असते, तिचीही काळजी वाटते. आमच्या केमिस्ट्रीच्या पुस्तकात आयोडीन-१३१ चं हाफ-लाइफ ८ दिवस दिलंय. म्हणजे ८ दिवसांत निम्मं आणि १६ दिवसांत सगळं संपणार ना? मी घरी तसं सांगितलं, तर शेजारचे काका म्हणाले, ते कधीच संपत नसतं, हिरोशिमाचं बघ. आता मी बरोबर की ते, हेच मला कळेनासं झालंय. परीक्षेसाठी नाही, खरंच विचारतेय.
— एक विद्यार्थिनी

प्रिय मुली,

आधी आईबद्दल बोलू. धडा त्यात आपोआप येईल.

हा उपचार नवखा नाही आणि तुमच्या घरावर कुणी प्रयोगही करत नाहीये. १९३६ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत बोस्टनला सॉल हर्ट्झ या थायरॉइडच्या डॉक्टरांनी एका व्याख्यानानंतर सरळ विचारलं होतं, आयोडीन कृत्रिम रीतीने किरणोत्सारी करता येईल का? दोनच वर्षांनी, १९३८ मध्ये, बर्कलीला जॉन लिव्हिंगूड आणि ग्लेन सीबोर्ग या दोघांनी आयोडीन-१३१ शोधून काढलं. १९४१ मध्ये हर्ट्झनी ग्रेव्ह्जच्या पेशंटला किरणोत्सारी आयोडीन दिलंसुद्धा. यातल्या सीबोर्ग यांची पुढची हकिगत आजीला जरूर सांग. त्यांच्या स्वतःच्या आईला थायरॉइड भडकण्याचाच आजार होता, आणि मुलाने शोधलेल्या त्या आयोडीनानेच तिचं आयुष्य वाढलं. तेव्हापासून ८० वर्षांहून जास्त काळ हा उपचार जगभर चालू आहे. आपल्याकडे मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे, तिथे थायरॉइडच्या रुग्णांच्या पिढ्या बऱ्या होऊन गेल्या.

आता आजीच्या ‘विष’ या शब्दाकडे येऊ. त्याला उत्तर द्यायचं साधन तुझ्या पुस्तकातच आहे. मिलिक्युरी हे वजनाचं माप नाही. दर सेकंदाला किती केंद्रकं फुटतात त्याचं ते माप आहे. १ मिलिक्युरी म्हणजे सेकंदाला ३ कोटी ७० लाख. आईचे १५ मिलिक्युरी म्हणजे सेकंदाला ५५ कोटी ५० लाख. हा आकडा ऐकून पोटात गोळा येतो, यात नवल नाही. पण तिथेच थांबू नकोस, पुढचं गणित कर. एक अणू दर सेकंदाला फुटण्याची शक्यता म्हणजे लॅम्डा, आणि ती येते ०.६९३ भागिले हाफ-लाइफ एवढी. हाफ-लाइफ नेमकं ८.०२ दिवसांचं आहे, त्याचे सेकंद होतात जवळजवळ ६ लाख ९३ हजार. भागाकार केलास की उत्तर येतं दहा लाखांत एक. म्हणजे आयोडीन-१३१ चे दहा लाख अणू असतील तर दर सेकंदाला त्यातला सरासरी एक फुटतो. इतकं सुटसुटीत उत्तर फार थोड्या समस्थानिकांच्या (प्रोटॉन तेवढेच पण न्यूट्रॉन कमी-जास्त, असे एकाच मूलद्रव्याचे अणू) वाट्याला येतं, म्हणून मला हे उदाहरण वर्गात शिकवायला फार आवडायचं.

मग सेकंदाला ५५ कोटी ५० लाख फुटायचे तर एकूण अणू त्याच्या दहा लाख पट हवेत, म्हणजे ५५५ लाख कोटी. याला ॲव्होगॅड्रोच्या आकड्याने (१३१ ग्रॅम आयोडीन-१३१ मध्ये तितके अणू असतात) भाग आणि १३१ ने गुण. वजन येतं ०.१२ मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले, तर त्यातल्या एका भागाचा जेमतेम आठवा हिस्सा. मोठ्या माणसाला रोजच्या जेवणातून १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, आपल्याला ते बहुतेक मिठातून मिळतं. आईच्या डोसमधलं किरणोत्सारी आयोडीन एका दिवसाच्या गरजेच्या हजाराव्या भागाहूनही कमी आहे. ते काम करतं ते केंद्रकातून सुटणाऱ्या ऊर्जेच्या जोरावर.

आणि ते नेमकं थायरॉइडमध्येच जाऊन काम करतं, हा यातला सगळ्यात देखणा भाग. खाण्यातल्या नेहमीच्या आयोडीनाच्या केंद्रकात ५३ प्रोटॉन आणि ७४ न्यूट्रॉन असतात. आयोडीन-१३१ मध्ये प्रोटॉन ५३ च, न्यूट्रॉन ७८. रासायनिक वागणं ठरतं इलेक्ट्रॉनांवरून, आणि प्रोटॉन सारखे म्हणजे इलेक्ट्रॉनही सारखे. त्यामुळे थायरॉइडला या दोघांत काहीच फरक कळत नाही. ती रक्तातून आयोडीन खेचून घेते, हार्मोन करायला तिला ते लागतंच. आईची थायरॉइड तर सध्या धावतेय, म्हणून ती जास्तच हावरेपणाने खेचेल. जे तिथे अडकत नाही ते बहुतेक लघवीवाटे बाहेर जातं. हृदय, यकृत, हाडं यांना आयोडीनाची अशी ओढ नाही. औषध जिथे हवं तिथे आपल्या पायांनी चालत जातं, आणि त्याला तिथवर नेतं ते साधं रसायनशास्त्र.

तिथे पोचल्यावर केंद्रकात काय होतं ते आता बघ. चार न्यूट्रॉन जास्त झाल्यामुळे ते केंद्रक अस्थिर असतं. त्यातला एक न्यूट्रॉन प्रोटॉन बनतो आणि एक इलेक्ट्रॉन वेगाने बाहेर फेकला जातो. हा बीटा कण. (सोबत एक अँटिन्यूट्रिनोही निघतो, तो कुणालाच न शिवता शरीराबाहेर निघून जातो.) प्रोटॉन ५३ चे ५४ झाले, म्हणजे आयोडीन राहिलंच नाही, झेनॉन झालं. झेनॉन निष्क्रिय वायू. तो कशाशी संयोग पावत नाही, रक्तातून फुप्फुसात येतो आणि श्वासावाटे निघून जातो. अणुवस्तुमानांक १३१ चा १३१ च राहिला, अणुअंक एकाने वाढला. परीक्षेत बीटा क्षयाचं समीकरण पूर्ण करायला आलं तर एवढंच तपासायचं.

बीटा कणाची धाव पेशींमध्ये जास्तीत जास्त दोन मिलिमीटरच्या आसपास, आणि बहुतेक कण तर अर्ध्या मिलिमीटरच्या आतच थांबतात. म्हणून थायरॉइडच्या पेशी मरतात आणि शेजारची अन्ननलिका, श्वासनलिका यांना फारशी झळ पोचत नाही. पण याच क्षयात गॅमा किरणही निघतात, मुख्य किरण ३६४ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टचा. ते मात्र शरीराच्या बाहेर येतात. घरच्यांनी जी काळजी घ्यायची ती मुख्यतः या गॅमासाठी, आणि थुंकी, घाम, लघवी यांतून बाहेर पडणाऱ्या थोड्या आयोडीनासाठी.

आता तुझा मुख्य प्रश्न. १६ दिवसांत शून्य होत नाही. चौथा हिस्सा उरतो. २४ दिवसांनी आठवा, ३२ दिवसांनी सोळावा. दर वेळी निम्मं होतं ते उरलेल्याचं. तू केलेली वजाबाकी माझ्या वर्गात दरवर्षी निम्मी मुलं करायची, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता. आपल्या ओळखीच्या बहुतेक गोष्टी तशाच संपतात. रोज अर्धा लिटर वापरलं की पाच लिटरचा तेलाचा डबा दहा दिवसांत रिकामा होतोच.

केंद्रकांचं तसं का होत नाही, हे हाताने करून बघ. शंभर चिंचोके मधोमध फोड आणि प्रत्येकाचा एकेक भाग घे, एक बाजू पांढरी, एक तपकिरी. (चिंचोका अगदी निम्म्याला निम्मा पडतोच असं नाही, सुटी नाणी असतील तर जास्त चांगलं.) परातीत टाक, पांढरे पडतील ते फुटले असं धरून बाजूला काढ. उरलेले मोज, वहीत लिही, पुन्हा टाक. शंभराचे पन्नासेक होतील, मग पंचवीस, मग बारा-तेरा. वहीतल्या आकड्यांचा आलेख काढलास तर पुस्तकातली ती खाली झुकत जाणारी रेघ तुझ्यासमोर उमटेल. पाच वेळा टाकूनही न फुटलेला एखादा चिंचोका हातात घे आणि विचार कर, तो आता दमला असेल का? सहाव्या वेळी तो पांढरा पडण्याची शक्यता वाढली का? अजिबात नाही. किरणोत्सारी अणूचं अगदी तसंच आहे. त्याला वय नसतं. काल तयार झालेला आयोडीन-१३१ चा अणू आणि महिनाभर टिकलेला अणू यांची पुढच्या सेकंदाला फुटण्याची शक्यता तंतोतंत सारखी, दहा लाखांत एक. म्हणूनच हाफ-लाइफ एका अणूचं सांगता येत नाही, ते जमावाचं असतं. जमाव लाख कोटींचा असला की मात्र अंदाज घड्याळासारखा बरोबर येतो.

तापवा, गोठवा, ॲसिडात टाका, आयोडीनाच्या क्षयाचा वेग तसाच राहतो. १९०० मध्ये मॉन्ट्रिअलला अर्नेस्ट रदरफर्ड थोरियममधून निघणाऱ्या वायूचा किरणोत्सार मोजत होते, तेव्हा तो साधारण दर मिनिटाला निम्मा होताना त्यांना दिसला. मग फ्रेडरिक सॉडी हा रसायनशास्त्रज्ञ त्यांना येऊन मिळाला, आणि १९०२ मध्ये दोघांनी जाहीर केलं की किरणोत्सारात एक मूलद्रव्य दुसऱ्यात बदलतं. अणू अभंग असतो असं शिकलेल्या पिढीला हे पचवणं फार जड गेलं.

परीक्षेत ‘२० दिवसांनी किती टक्के उरेल’ असं विचारलं, तर २० हे ८ च्या पटीत बसत नाहीत म्हणून गांगरू नकोस. २० भागिले ८ म्हणजे अडीच हाफ-लाइफ. अडीच वेळा निम्मं केलं की उरतं १८ टक्क्यांच्या आसपास. लॉग वापरून केलंस तरी तेच यायला हवं, आणि नाही आलं तर चूक लॉगच्या कोष्टकात शोध.

पण आईच्या बाबतीत पुस्तकातल्या ८ दिवसांपाशी थांबून चालणार नाही. बाटलीत बंद असलेलं आयोडीन फक्त क्षयाने कमी होतं. शरीरातलं आयोडीन क्षयानेही कमी होतं आणि बाहेर टाकलं गेल्यानेही. उदाहरणादाखल धर, क्षयाचं हाफ-लाइफ ८ दिवस आणि शरीराने बाहेर टाकण्याचं २४ दिवस. दोघांचे व्यस्त घेऊन मिळवायचे: एक अष्टमांश अधिक एक चोविसांश म्हणजे एक षष्ठांश. आईच्या गळ्यातलं आयोडीन दर सहा दिवसांनी निम्मं होईल. महिन्याभरात बत्तिसावा हिस्सा, दोन महिन्यांत हजाराव्याहून कमी. खरा आकडा माणसागणिक बदलतो, पण तो ८ च्या वर कधीच जात नाही, हे तुला या गणितावरूनच दिसेल.

आता शेजारच्या काकांचं ‘कधीच संपत नाही’. शरीराने काहीच बाहेर टाकलं नाही असं धरलं, तरी ५५५ लाख कोटी अणू निम्मे-निम्मे होत शेवटच्या एका अणूवर यायला ४९ हाफ-लाइफ लागतात. म्हणजे तेरा महिने. आणि त्याच्या कितीतरी आधी त्याची दखल घेण्याजोगं काही उरलेलं नसतं. हिरोशिमाचं म्हणशील, तर ते आज लाखो वस्तीचं शहर आहे आणि तिथला किरणोत्सार इतर शहरांसारखाच नैसर्गिक पातळीला आहे. काकांच्या मनात बहुधा चेर्नोबिलसारखी जागा असावी. तिथे २६ एप्रिल १९८६ ला अणुभट्टी फुटली तेव्हा आयोडीन-१३१ ही उडालं होतं आणि सीझियम-१३७ ही. आयोडीन त्याच वर्षी संपलं. सीझियमचं हाफ-लाइफ ३० वर्षांचं, म्हणून ते आजही तिथल्या मातीत आहे. ‘किरणोत्सारी’ एवढा एकच शब्द धरून बसलं की ही दोन्ही एकच वाटतात. कुणी कशालाही किरणोत्सारी म्हटलं की तू तीन गोष्टी विचारायच्या: कोणता समस्थानिक, किती, आणि आपण किती अंतरावर किती वेळ आहोत.

आजीशी बोलताना मात्र आकडे बाजूला ठेव. तिच्या मनातलं ‘वेगळं ठेवा’ कुठून येतं हे तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. आपल्या घरांतून बायकांना कोपऱ्यात बसवायची रीत काही फार जुनी झालेली नाही, आणि आईला त्या आठवणीने अपमान वाटू नये याची काळजी तूच घेऊ शकतेस. इथे वेगळं राहणं म्हणजे फक्त अंतर आणि दिवस. आईने हात लावल्याने भिंत, भांडं, माणूस यांतलं काहीही किरणोत्सारी होत नाही. या गॅमा किरणांत दुसऱ्या अणूचं केंद्रक बदलण्याची ताकदच नाही, एक्स-रे काढून आलेला माणूस जसा किरणोत्सारी होत नाही तसंच. भांड्याला तिची थुंकी लागली असेल, तर त्यातलं आयोडीन साबणाने धुऊन जातं. ताट तिचंच ठेवा, नीट धुवा, ठरलेल्या दिवसांनंतर पुन्हा मांडणीत लावा. कपडे आणि टॉवेल पहिले काही दिवस वेगळे धुतले की झालं, जाळायचं काही नाही.

आजीला हेही सांग की तिच्या स्वतःच्या अंगातही किरणोत्सारी पोटॅशियम-४० आहे. साधारण ७० किलो वजनाच्या माणसात त्याची सेकंदाला ४ हजारांहून अधिक केंद्रकं फुटत असतात, जन्मापासून. त्याचं हाफ-लाइफ १२५ कोटी वर्षं. पण यावरून आईचा डोसही तितकाच किरकोळ असं मात्र तिला सांगू नकोस. ४ हजार आणि ५५ कोटी यांत फार मोठं अंतर आहे, आणि म्हणूनच काही दिवस पथ्य पाळायचं आहे.

पथ्यातला खरा नाजूक भाग म्हणजे काकूची मुलगी. मुलांची थायरॉइड लहान असते, वाढत्या पेशी किरणोत्साराला लवकर बळी पडतात. चेर्नोबिलनंतर आयोडीन गवतावर पडलं, गाईंनी ते खाल्लं, दुधातून ते मुलांच्या पोटात गेलं, आणि बेलारूस, युक्रेन, रशियात हजारो मुलांना पुढे थायरॉइडचा कर्करोग झाला. पोलंडने त्या दिवसांत सुमारे १ कोटी मुलांना साधं पोटॅशियम आयोडाइड पाजलं. साध्या आयोडीनाने भरलेली थायरॉइड किरणोत्सारी आयोडीन फारसं घेत नाही. तुमच्या घरी तशी वेळ मुळीच नाही, प्रमाणाचा काही संबंधच नाही. पण मुलीला आईचा उष्टा घास भरवू नये, पापे घेऊ नयेत, कडेवर घेऊ नये, कुशीत झोपवू नये, हे का, ते यावरून घरच्यांना पटेल. अंतर दुप्पट केलं की किरणांचा मारा चौथा हिस्सा होतो, तिप्पट केलं की नववा. खोलीच्या पलीकडून आईने तिच्याशी बोलावं, हसावं, गाणी म्हणावीत, त्याने काही होत नाही. पण दीड वर्षाच्या मुलीला ‘लांब राहा’ कसं कळणार? ती धावत येऊन पायांना मिठी मारणारच. म्हणून मी तर म्हणेन, काकू तिला घेऊन थोडे दिवस माहेरी गेली तर सगळ्यांचंच सोपं होईल. मोठ्यांसाठी हे पथ्य काही दिवसांचं असतं, लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यासाठी दोन-तीन आठवड्यांपर्यंत लांबतं. नेमके दिवस न्यूक्लिअर मेडिसिन विभाग लिहून देतो. ते त्यांच्याकडून कागदावर मागून घ्या, आणि घरात दिसेल असे लावा. तोंडी सांगितलेलं तिसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नाही.

बाकीचं साधं आहे. आईने पाणी भरपूर प्यावं, लघवीला वरचेवर जावं, बसून जावं, दोनदा पाणी ओतावं, हात साबणाने धुवावेत. झोपायला वेगळी खोली. पहिले काही दिवस कणीक मळणं, भात कालवणं अशी हाताची कामं दुसऱ्या कुणीतरी करावीत. तू अकरावीत आहेस, तुला जमेल. आई एसटीने पुण्याला जाणार असेल, तर येताना गर्दीत कुणाला चिकटून बसून चार तास येण्याऐवजी गाडीची सोय होते का ते बघा, आणि तिने मागच्या सीटवर ड्रायव्हरच्या तिरक्या बाजूला बसावं.

तारखेबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगते. भारतात हे आयोडीन मुख्यतः तुर्भ्याच्या म्हणजे ट्रॉम्बेच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीत तयार होतं. टेल्युरियमवर न्यूट्रॉनांचा मारा करतात, त्याचं टेल्युरियम-१३१ होतं, ते २५ मिनिटांच्या हाफ-लाइफने आयोडीन-१३१ बनतं. मग ते शुद्ध करून शिशाच्या जाड भांड्यात बंद होऊन रुग्णालयात येतं. त्या भांड्यावरच्या चिठ्ठीवर नुसते मिलिक्युरी लिहून भागत नाही, शेजारी तारीख आणि वेळ लिहावी लागते, कारण तो आकडा फक्त त्या घटकेपुरता खरा असतो. आईला द्यायच्या आधी ते यंत्रात ठेवून पुन्हा मोजतात. लग्नकार्य किंवा सुगीचं निमित्त काढून तारीख आठ दिवस पुढे ढकललीत, तर तिच्यासाठी आलेलं निम्मं आयोडीन त्या भांड्यातच झेनॉन होऊन गेलेलं असेल. ज्या दिवशी बोलावलंय त्या दिवशी जा.

जायच्या आधी डॉक्टरांना काही गोष्टी विचारा आणि सांगा. थायरॉइडच्या गोळ्या किती दिवस आधी थांबवायच्या, ते त्यांनाच विचारा, मनाने थांबवू नका. गेल्या काही महिन्यांत कॉन्ट्रास्ट टाकून सीटी स्कॅन झाला असेल तर जरूर सांगा. त्या कॉन्ट्रास्टमध्ये भरपूर आयोडीन असतं, त्याने थायरॉइड आधीच भरलेली असली तर औषध आत शिरणारच नाही. आईला दिवस गेलेले नाहीत ना, याची तपासणी रुग्णालय करतंच, आणि पुढे निदान सहा महिने ते टाळायचं असतं. डोळे पुढे आल्यासारखे दिसतात का, टोचतात का, हेही सांगा. ग्रेव्ह्जमध्ये डोळ्यांचा त्रास असला तर या उपचाराने तो वाढू शकतो आणि त्याची वेगळी काळजी घ्यावी लागते.

औषध घेतल्यावर दुसऱ्या दिवशी थरथर थांबेल अशी आशा घरात कुणी धरू नये. पेशी हळूहळू मरतात, त्याला काही आठवडे ते काही महिने लागतात. सुरुवातीला मरणाऱ्या पेशींतून साठलेलं हार्मोन रक्तात आल्याने धडधड थोडी वाढूही शकते. खूप वाढली, ताप आला, तर लगेच डॉक्टरांना फोन करा.

आणि एक गोष्ट आईला आधीच कळलेली बरी, नंतर कळली की फसवल्यासारखं वाटतं. हा उपचार यशस्वी झाला की पुष्कळदा थायरॉइड इतकी मंदावते की पुरेसं हार्मोन करू शकत नाही. मग रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची एक गोळी, आयुष्यभर. वजन वाढायला लागलं, थंडी जास्त वाजायला लागली, आळस आला, तर ते वयामुळे असं म्हणून सोडून देऊ नका, रक्त तपासा. पहिल्या वर्षी ही तपासणी दर दीड-दोन महिन्यांनी करावी लागते. तिच्या तारखा कॅलेंडरवर तूच लिहून ठेव.